जागा घेताना आधी विचारा: मालक कोण?

मागच्या वर्षी आमच्या गटाने मसाला कांडपासाठी गावठाणात एक जागा पाहिली. १२ जणींच्या बचतीतून ४० हजार रुपये विसार द्यायचा ठरला. विकणारे गृहस्थ ओळखीचे, म्हणून आम्ही निर्धास्त. पैसे द्यायच्या दिवशी आमच्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "जागा ह्यांची, का संस्थेची?" कागद पाहिला, तर नाव ट्रस्टचं निघालं. त्या एका प्रश्नाने आमचा विसार वाचला.

ट्रस्टच्या जागेचे विश्वस्त मालक नसतात, राखणदार असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे अशी जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि घर किंवा बिनशेती जागा ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असली, तरी मंजुरी हवीच. आमच्या व्यवहारात विश्वस्तांचा ठराव होता, मंजुरीसाठी अर्जच नव्हता. नुसता ठराव पुरत नाही. आणि सात-बारावर 'देवस्थान इनाम' असा शब्द दिसला, तर माहितगार वकिलाला विचारल्याशिवाय विसारही देऊ नका.

विकणारी कंपनी असली तर? कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. साहेब गाडीतून आले, सही करतो म्हणाले, एवढ्यावर भागत नाही. संचालक मंडळाचा ठराव मागा आणि सही करायचा अधिकार कोणाला दिलाय ते त्यात वाचा. कंपनीने जागा तारण ठेवून कर्ज काढलं असेल, तर त्याची नोंद कंपनी निबंधकांकडे होते. ती फी भरून पाहता येते. भागीदारीची जागा असेल, तर एकट्या भागीदाराला ती विकता येत नाही. सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर त्याला दिलेला लेखी अधिकार हवा.

आता परदेशातल्या मालकाचं. गावातली मुलं बाहेरदेशी जातात, जमीन मागे राहते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. बहुतेक वेळा इथला भाऊ किंवा काका मुखत्यारपत्र घेऊन येतो. त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, ते वाचा आणि मालकाशी स्वतः फोनवर बोला. मालक वारला, की साधं मुखत्यारपत्र संपतं.

अनिवासी माणसाकडून घर किंवा बिनशेती प्लॉट घेताना आणखी एक गोष्ट. किमतीतून आयकर कापून सरकारजमा करायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा इथलाच रहिवासी असेल, तर ही कपात ५० लाख रुपयांपासून पुढे लागते. अनिवासी असेल, तर तशी मर्यादा नाही. कर कापला नाही, तर वसुली आपल्याकडून होते. म्हणून आधी कर सल्लागाराला विचारा.

शेवटचा प्रश्न आपल्यालाच: जागा कोणाच्या नावावर घ्यायची? नोंदणी नसलेला बचत गट कायद्याने वेगळी व्यक्ती नाही. अध्यक्षबाईंच्या नावावर घेतली, तर कागदावर ती त्यांचीच होते, पुढे त्यांच्या वारसांची. बाई कितीही चांगली असो, पैसे १२ जणींचे आहेत. सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी नोंदवून तिच्या नावावर घेणं, किंवा सगळ्या जणींची नावं खरेदीखतात घालणं, हे मार्ग आहेत.

त्या विश्वस्तांना आम्ही सांगितलं, आधी मंजुरी आणा, मग बोलू. तोवर आमचं कांडप एका मैत्रिणीच्या पडवीत सुरू आहे. जागा अडचणीची आहे, पण ४० हजार बँकेत आहेत. तुम्हीही पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि विसार देण्याआधी विकणाऱ्याचा कागद सगळ्या जणींसमोर ठेवा.