नवजात बाळाची विणलेली टोपी : कधी हवी, कशी हवी आणि कुणासाठी विणावी

नवी दिल्ली : अंगावर कपडा नसलेले नवजात बाळ २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत जेवढी उष्णता गमावते, तेवढी उष्णता उघड्या अंगाचा प्रौढ माणूस शून्य अंशात गमावतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नवजात शिशूंच्या उष्णतारक्षणाविषयीच्या मार्गदर्शिकेत ही तुलना दिली आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दहा ते वीस मिनिटांत ओल्या अंगाच्या बाळाचे तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकते, असेही त्यात नमूद आहे. त्यामुळे बाळाला थंडी बाधणे हा केवळ लेह, शिमला किंवा हिवाळ्यातील दिल्लीपुरता प्रश्न नाही. कोकणातल्या किंवा चेन्नईतल्या प्रसूतिगृहात पंख्याखाली ओले राहिलेले बाळही गारठू शकते.

हिवाळा तोंडावर आला की देशाच्या अनेक शहरांत महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आणि विणकामप्रेमींचे गट लहान मुलांसाठी टोप्या विणून रुग्णालयांना, अंगणवाड्यांना आणि वस्त्यांना देतात. या कामामागची माया निर्विवाद आहे. मात्र विणलेली प्रत्येक टोपी प्रत्येक बाळाच्या उपयोगाची असते असे नाही. काही प्रसंगी ती नकोशी, क्वचित धोक्याचीही ठरते. म्हणून सुया हातात घेण्यापूर्वी टोपी नेमके काय काम करते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

डोकेच का जपायचे?

माणसाच्या शरीरातील निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हा समज सर्वत्र रूढ आहे. प्रौढांच्या बाबतीत तो खरा नाही. प्रौढाचे डोके शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसते आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. नवजात बाळाचे गणित मात्र वेगळे आहे. त्याच्या एकूण लांबीचा सुमारे चौथा भाग डोक्याने व्यापलेला असतो आणि त्वचेच्या एकूण पृष्ठभागातील जवळपास पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. त्यावर केसही विरळ असतात.

शिवाय बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. मान, खांदे आणि पाठीच्या भागात साठलेली विशिष्ट तपकिरी चरबी जाळून ते शरीर तापवते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ही चरबी पुरेशी नसते. उष्णता टिकवण्यासाठी त्याला अधिक प्राणवायू आणि साखर खर्चावी लागते. परिणामी रक्तातील साखर उतरणे आणि श्वासाचा त्रास यांचा धोका वाढतो. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, असा निकष आहे. ते ३६ अंशांखाली गेल्यास मध्यम आणि ३२ अंशांखाली गेल्यास तीव्र स्वरूपाचा गारठा मानला जातो.

भारतात या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार, वजनाची नोंद झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. गारठ्याचा सर्वाधिक फटका याच बाळांना बसतो.

टोपी ही साखळीची एक कडी

जागतिक आरोग्य संघटनेने बाळाच्या उबेसाठी दहा टप्प्यांची ‘उबदार साखळी’ सांगितली आहे. प्रसूतीची खोली उबदार ठेवणे, बाळाला लगेच कोरडे करणे, आईच्या त्वचेशी त्वचा लावून ठेवणे, लवकर स्तनपान, अंघोळ पुढे ढकलणे, योग्य कपडे, आई-बाळाला एकत्र ठेवणे अशा टप्प्यांचा त्यात समावेश आहे. टोपी यातील कपड्यांच्या टप्प्यात येते. साखळीच्या बाकी कड्या तुटलेल्या असतील, तर एकटी टोपी बाळाला वाचवू शकत नाही. ओल्या डोक्यावर चढवलेली किंवा ओली झालेली टोपी तर उलट उष्णता शोषून घेते. म्हणून आधी डोके कोरडे आणि मगच टोपी, हा क्रम महत्त्वाचा आहे.

टोपी कशाची आहे, यावरही परिणाम अवलंबून असतो. १९८१ मध्ये ब्रिटनमधील एका बालवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नळीसारख्या पातळ सुती जाळीच्या टोपीने उष्णता फारशी वाचत नसल्याचे, तर आतून जाड अस्तर लावलेल्या टोपीने उष्णतेची हानी कमी होत असल्याचे आढळले होते. ऊब धाग्यापेक्षाही त्यात अडकून राहिलेल्या हवेमुळे मिळते. विणलेल्या जाड टोपीची खरी ताकद हीच आहे.

कमी वजनाच्या बाळांसाठी सर्वात प्रभावी ‘कपडा’ मात्र आईची छाती हाच आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉक्टर एडगर रे यांनी सुरू केलेली ‘कांगारू मातृसेवा’ पद्धती आज जगभर वापरली जाते. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतील पाच रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचाही सहभाग होता. एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी सेवा दिल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यातून दिसले. या पद्धतीत बाळाच्या अंगावर जवळजवळ कपडे नसतात. असतात ते लंगोट, पायमोजे आणि टोपी. बाळाचे अंग आईला बिलगलेले असते, पण डोके बाहेर राहते. दान म्हणून आलेल्या टोपीचे सर्वात मोलाचे स्थान येथे आहे.

टोपी कधी काढावी?

टोपीची दुसरी बाजूही जाणून घ्यायला हवी. बाळ डोक्यातून उष्णता गमावते, याचाच अर्थ जादा उष्णता बाहेर टाकण्याचा मार्गही डोकेच आहे. अतिउष्णता आणि झोपेत तोंडावर घसरलेले आच्छादन यांचा संबंध बाळांच्या झोपेतील आकस्मिक मृत्यूशी जोडला जातो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता कक्ष वगळता घरात बाळाला टोपी घालू नये, असे म्हटले आहे. तापवलेल्या घरांच्या देशातील ही सूचना थंड, वाऱ्याच्या झोपडीत जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही सुदृढ बाळ उबदार खोलीत झोपले असेल, त्याचे पोट गरम लागत असेल किंवा मानेला घाम येत असेल, तर टोपी काढणेच योग्य.

थोडे मोठे झालेले मूल थंडीत घराबाहेर जाते, तेव्हा मात्र कान झाकणारी कानटोपी उपयोगी पडते. बांधकामाच्या जागी, ऊसतोडीच्या फडावर किंवा रस्त्याच्या कडेला पहाटे उठणाऱ्या मुलांना तिची गरज अधिक असते.

धागा आणि माप

आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून विकला जाणारा बहुतांश धागा मेंढीच्या लोकरीचा नसून ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, मऊ आणि धुण्यास सोपा असतो. मात्र आगीजवळ तो वितळून त्वचेला चिकटू शकतो. बाळंतिणीच्या खाटेजवळ शेगडी ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. तेथे हा धोका दुर्लक्षण्याजोगा नाही. खरी लोकर सहज पेट घेत नाही, पण जाडीभरडी असल्यास टोचते आणि उकळत्या पाण्यात आटते. सुती धागा त्वचेला सोसतो, उकळताही येतो. मात्र तो ओलावा धरून ठेवतो आणि ऊबही कमी देतो. कोणताही एक धागा सर्वत्र चालेल, असे नाही. रुग्णालयातील कपडे मोठ्या यंत्रांत गरम पाण्याने धुतले जातात, हे विसरून विणलेली महागडी लोकरी टोपी पहिल्याच धुलाईत बाहुलीच्या मापाची होते.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. दीड किलोच्या बाळाचा घेर २८ ते ३० सेंटिमीटरच्या आसपास, तर वर्षाच्या मुलाचा सुमारे ४५ सेंटिमीटर असतो. टोपी ताणली जाऊन डोक्यावर बसावी म्हणून विणीचा घेर डोक्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी धरतात. दोन सुयांवर विणताना काठाला एक सुलट, एक उलट टाक्यांची पट्टी घेतली की टोपी सैल होत नाही आणि डोळ्यांवर घसरत नाही. क्रोशाने विणताना मधून सुरू केलेली चकती किती वाढवावी, यासाठी सोपा हिशेब आहे. अपेक्षित घेराला ३.१४ ने भागावे; चकतीचा व्यास तेवढा झाला की टाके वाढवणे थांबवून सरळ विणत जावे. ३२ सेंटिमीटर घेरासाठी ही चकती साधारण दहा सेंटिमीटरची भरते. १०० ग्रॅम धाग्यात नवजात बाळाच्या तीन टोप्या सहज होतात.

जाळीदार, मोठ्या भोकांची वीण सुंदर दिसते, पण वारा आत शिरू देते आणि तिच्यात बाळाची बोटे अडकतात. मणी, बटणे, हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या आणि सैल गोंडे टाळावेत. हे सारे तोंडात जाऊ शकते किंवा गळ्याभोवती आवळू शकते. धाग्याची टोके आत घट्ट ओवून टाकावीत.

देण्याआधी विचारावे

अशा टोप्या कधी संदेशाचे वाहनही झाल्या आहेत. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने अमेरिकेत राबवलेल्या मोहिमेत विणणाऱ्यांनी टोप्यांसोबत राष्ट्राध्यक्षांना उद्देशून चिठ्ठ्या लिहिल्या आणि बालमृत्यू रोखण्यासाठी अधिक निधीची मागणी केली. त्याच देशात जांभळ्या टोप्यांच्या उपक्रमातून रडणाऱ्या बाळाला हिसके देऊ नयेत, हे नव्या पालकांना सांगितले जाते. भारतात १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी घरोघरी महिलांनी सीमेवरील जवानांसाठी स्वेटर आणि मफलर विणले होते. दूरच्या अनोळखी माणसासाठी विणण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

आज गरज आहे ती या श्रमांना योग्य दिशा देण्याची. दिल्लीतील ‘गूंज’ या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देणाऱ्याच्या सोयीपेक्षा घेणाऱ्याची गरज आणि त्याचा आत्मसन्मान पुढे ठेवणे, हे त्यांच्या कामाचे सूत्र आहे. टोप्यांनाही ते लागू पडते. विणण्यापूर्वी रुग्णालयातील नवजात कक्षाच्या परिचारिकेला विचारावे : कोणती मापे कमी पडतात, कोणता धागा तुमच्या धुलाईत टिकतो, टोपी बाळासोबत घरी जाऊ देता की परत घेता? अनेकदा पूर्ण दिवसांच्या बाळाच्या टोप्यांचे ढीग साचतात आणि दीड किलोच्या बाळाला एकही टोपी नीट बसत नाही.

घरी गेलेल्या बाळांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे आशा कार्यकर्त्या. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेता येते, हे दाखवून दिले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या गृहभेट कार्यक्रमात रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा जाते, वजन आणि तापमान पाहते. तिच्या पिशवीत योग्य मापाची धुतलेली टोपी असली, तर ती कशी आणि कधी घालावी हे सांगणारी व्यक्तीही सोबतच पोहोचते.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या डोक्याचा घेर दरमहा सुमारे दोन सेंटिमीटरने वाढतो. म्हणजे काळजीपूर्वक मापात विणलेली टोपीही काही आठवड्यांतच लहान होते. पण नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात. त्या आठवड्यात टोपी कोरडी, मापाची आणि हाताशी असली, तर तिचे काम झाले असे म्हणता येईल.