नाजूक कोठा

प्रवासास निघण्यापूर्वीं तीनदां शौचास जाणारा, पंगतींत नको नको म्हणणारा आणि नाटकगृहांत दाराजवळची खुर्ची शोधणारा मनुष्य पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्याच्या पोटांत मुरडा येतो, गुबारा धरतो. कधीं जुलाब होतात, कधीं मलावरोध होतो. रक्ताची, मलाची, दुर्बिणीची, सर्व तपासण्या मात्र निर्दोष ठरतात. मग घरचीं माणसें म्हणतात, "यांच्या पोटांत कांहीं नाहीं, सारें मनांत आहे." या वाक्यानें दुखणें दुप्पट होतें; आणि शास्त्रदृष्ट्या तें वाक्य खरेंहि नाहीं.

डॉक्टर ज्यास आय. बी. एस. म्हणतात, तो हा विकार. आंतड्याच्या भिंतींत कोट्यवधि मज्जापेशींचें जाळें असतें. तें आंतड्याच्या हालचालीचें नियमन करितें आणि मेंदूशीं त्याचा अखंड संदेशव्यवहार चालतो. या विकारांत तो व्यवहार बिघडतो. इतरांस न जाणवणारा थोडासा वायूहि या रोग्यास वेदना देतो, आणि आंतड्याची गति कधीं अति जलद, कधीं अति मंद होते. घड्याळाचें एकहि चाक मोडलेलें नसतें, पण चाल चुकलेली असते. कित्येकांस हा त्रास तीव्र अतिसारानंतर सुरू होतो. २०१६ सालच्या 'रोम' निकषांप्रमाणें, किमान ६ महिन्यांपूर्वीं सुरू झालेलें पोटदुखणें गेले ३ महिने आठवड्यांतून निदान एकदां होत असेल, आणि त्याचा संबंध शौचाशीं वा त्याच्या बदललेल्या स्वरूपाशीं असेल, तर हें निदान करितां येतें. यांतून कर्करोग उद्भवत नाहीं, ही गोष्ट रोग्यानें पक्की ध्यानांत ठेवावी.

परंतु मलावाटे रक्त जाणें, वजन घटणें, पांडुरोग, ताप, दुखण्यानें रात्रीं झोपमोड होणें, किंवा वयाच्या ५० व्या वर्षानंतर प्रथमच असा त्रास होणें, यांपैकीं कांहींहि आढळल्यास घरगुती उपाय बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें.

आतां पथ्य. आज डाळ बंद, उद्यां दूध बंद, असें करीत करीत रोगी शेवटीं मऊ भातावर येतो व अशक्त होतो. ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्नच्या मोनॅश विद्यापीठांतील संशोधकांनीं यास शिस्त लाविली. गहूं, कांदा, लसूण, राजमा, हरभरा, दूध यांतील कांहीं शर्करा लहान आंतड्यांत नीट शोषल्या जात नाहींत. त्या पुढें आंबतात व वायु होतो. असे पदार्थ २ ते ६ आठवडे वर्ज्य करावे, आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन पाहावा. बाधेल तेवढाच सोडावा, इतर सुखेनैव खावे. हें आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानें करणें बरें. तेवढे दिवस जेवण अळणी वाटावयास नको. कांद्याची उणीव हिंग भरून काढितो. लसणीचा स्वाद तेलांत उतरतो, पण तिची बाधक शर्करा तेलांत विरघळत नाहीं. म्हणून लसूण परतून काढून टाकिली तरी आमटीस चव येते. पुरेशा पाण्याबरोबर घेतलेला इसबगोल पुष्कळांस मानवतो. गव्हाचा कोंडा मात्र कित्येकांचा गुबारा वाढवितो.

मी जन्मभर शाळामास्तर. तेव्हां वहीची शिफारस केल्यावांचून मला राहवत नाहीं. रोज चार रकाने भरावे: काय खाल्लें, झोप कशी झाली, मनास कसली काळजी होती, पोट कसें होतें. महिन्याभरांत ही वही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याहून अधिक शिकविते.

काळजीचा रकाना मुद्दाम सांगितला. परीक्षेच्या सकाळीं हुशार मुलांचीहि पोटें बिघडतात. दुःखानें डोळ्यांस पाणी येतें, म्हणून तें पाणी खोटें ठरत नाहीं. तसेंच चिंतेनें उठलेला मुरडाहि खराच असतो. १९८४ सालीं मँचेस्टर येथील डॉ. व्होरवेल यांनीं संमोहनोपचारानें या विकारास उतार पडतो असें दाखविलें. नियमित झोप, रोजचें चालणें आणि ठराविक वेळीं जेवण यांचाहि आधार होतो.

राहिला घरच्यांचा वांटा. पानावर आग्रह करूं नये, चारचौघांत शौचाची चौकशी करूं नये, बाहेर जातांना त्याच्यासाठीं पांच मिनिटें कुरकुर न करतां थांबावें. वर्गांतून वारंवार बाहेर जाऊं मागणाऱ्या मुलास शिक्षकानें हसूं नये. हा विकार बहुधा दीर्घकाळ सोबत करितो, पण आपलें दुखणें कोणी खोटें मानीत नाहीं एवढा भरंवसा मिळाला, तर तो मनुष्य पंगतीसहि येतो आणि नाटकासहि.