तोल राखण्याचा सराव : मैदानापासून ओसरीपर्यंत

हैदराबाद येथे ३१ जुलै २०१६ रोजी महिला कबड्डी चॅलेंज या व्यावसायिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तेजस्विनी बाई यांच्या स्टॉर्म क्वीन्स संघाने ममता पुजारी यांच्या फायर बर्ड्सवर २४-२३ असा अवघ्या एका गुणाने विजय मिळविला. तिसऱ्या, म्हणजे आइस दिवाज संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते. स्पर्धेत संघ तीनच होते, आणि ती पुढे पुन्हा भरली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

कबड्डीतील चढाईपटू एका पायावर सारा भार घेऊन क्षणार्धात वळते. त्या वळणात सर्वाधिक धोका गुडघ्याला. गुडघ्याच्या आतला जो अस्थिबंध तुटल्यास खेळाडूचा एक संपूर्ण हंगाम वाया जातो, तो स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक वेळा तुटतो. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला तो हँडबॉलमध्ये, आणि तोही नॉर्वेत. तेथे महिला हँडबॉलचा मान मोठा. वायपर्स क्रिस्टियानसांड या संघाने २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे युरोपचे अजिंक्यपद पटकावले. (पुढे तोच संघ जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाला. अजिंक्यपदाने तिजोरी भरतेच असे नाही.)

नॉर्वेतील महिला हँडबॉलच्या वरच्या तीन श्रेणींवर संशोधकांनी तीन हंगाम लक्ष ठेवले. १९९८-९९ च्या हंगामात केवळ नोंदी केल्या. नंतरच्या दोन हंगामांत खेळाडूंना सुमारे पंधरा मिनिटांचे तोलाचे व्यायाम दिले : जमिनीवर, डगमगत्या फळीवर आणि मऊ गादीवर. गुडघ्याच्या त्या दुखापती पहिल्या हंगामात २९ होत्या, त्या पुढे २३ आणि मग १७ झाल्या. सर्वोच्च श्रेणीत ज्यांनी व्यायाम नेटाने पूर्ण केला, त्यांच्यात फरक स्पष्ट दिसला. मात्र अनेकींनी तो पूर्ण केलाच नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी देखरेखीसाठी संघांना भौतिकोपचारतज्ज्ञ नेमून द्यावे लागले.

आपल्या घरातील सत्तरीच्या आजींशी याचा संबंध काय? संबंध निकटचा आहे. तोल हे काही एका अवयवाचे काम नव्हे. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांध्यांतील संवेदना या तिघांकडून येणारी वार्ता मेंदू जुळवतो आणि स्नायूंना आज्ञा देतो. वयानुसार ही वार्ता मंदावते. सरावाने ती पुन्हा तल्लख करता येते. पासष्टीपुढील साधारण तीनांपैकी एक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडते. योग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून २०१९ मध्ये दिसून आले.

मुरबाड तालुक्यातील सिद्धगड आपल्याला ठाऊक आहे तो २ जानेवारी १९४३ रोजी तेथे हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यामुळे. त्या पायथ्याच्या वाड्यांत किंवा शहापूरच्या डोंगरपट्ट्यात डोक्यावर भारा घेऊन भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालणाऱ्या स्त्रीला डगमगती फळी कोणी देण्याची गरज नाही. तिचा सराव जन्मभर चाललेला असतो. अडचण पुढे येते. मुलगा नोकरीसाठी कल्याणला जातो, आई त्याच्यामागे येते, आणि मायेपोटी सगळे सांगतात, ‘‘आई, आता तुम्ही बसून राहा.’’ चढउतार सुटतो, मांड्यांचे बळ ओसरते, आणि एके दिवशी मोरीच्या ओल्या फरशीवर खुब्याचे हाड मोडते. काळजीपोटी दिलेली विश्रांतीच येथे घातक ठरते, असे म्हणणे कठोर वाटले तरी ते खरे आहे.

घरी फळी किंवा गादी मुळीच वापरू नये. कोरडी जमीन पुरेशी आहे. स्वयंपाकाच्या ओट्याची कड धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या. तोल जमू लागल्यावर दोन्ही हातांऐवजी एक हात, नंतर केवळ बोटे टेकवावीत. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत भिंतीकडेने दहा पावले चालावे. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठावे आणि बसावे. दहा-पंधरा मिनिटे, शक्यतो रोज.

शुश्रूषा करणाऱ्याने बाजूला, किंचित मागे उभे राहावे. हात धरून ओढू नये, कारण ओढल्याने तोल जातो. मधुमेहामुळे तळपाय बधिर असल्यास अनवाणी करू नये. उठताना चक्कर येत असेल, अलीकडे पडणे झाले असेल, झोपेची अथवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि औषधांची यादी सोबत न्यावी. घरात नात कबड्डी खेळत असेल, तर हाच सराव तिलाही लागतो. तिची वेळ आणि आजीची वेळ एकच ठेवावी, म्हणजे देखरेखीला माणूस वेगळा शोधावा लागत नाही.