सुरगाठ

शिरूर अनंतपाळहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. आमचं पाणी म्हणजे घरणी नदी, आणि वारा म्हणजे रास उफणायला लागतो तेवढा. त्यामुळे पणजीला नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर सांगितलं, ‘आई, मी पतंग धरून पाण्यावर पळायला शिकतेय,’ तेव्हा मला काही उमगलं नाही. मागून तिने मोबाइलवर चित्रफीत पाठवली. पायाखाली फळी, वर आमच्या ओसरीएवढा पतंग, आणि दोन्ही हातांत एक आडवा दांडा. दांड्याकडून चार दोऱ्या वर गेलेल्या. मी लगेच फोन लावला आणि विचारलं, ‘दोरी हाताला गुंडाळलेली नाही ना?’

प्रश्न माझ्या तोंडून आला, पण होता आप्पांचा.

१९७८ च्या येळवशीला शेतातल्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबिल झाली, आणि दिवस कलल्यावर आम्ही बैलगाडीने परत निघालो. बैलांना घरची वाट पाठ असते. आप्पांनी कासऱ्याला डाव्या हातावर दोन वेढे दिले आणि तंबाखू मळायला घेतली. सडकेवर समोरून ट्रक आला, हॉर्न वाजला आणि बैल उधळले. बैल थांबेपर्यंत आप्पा फरफटत गेले होते. त्यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. ‘कासरा मुठीत धरावा, हाताला गुंडाळू नये,’ हे त्यांनीच आम्हा भावंडांना शंभरदा सांगितलेलं होतं.

त्यानंतर आमच्या गोठ्यात जनावराला निरगाठ बांधलेली मी पाहिली नाही. ओढाल तितकी आवळत जाते ती निरगाठ. टोकाला हिसका दिला की सुटते ती सुरगाठ. आप्पा दावणीवरून फिरत आणि प्रत्येक गाठीचं टोक चिमटीत धरून बघत.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर वेळ हाताशी होता. लेकीच्या त्या दांड्याचा इतिहास मी जमेल तिथून गोळा करत गेले. इंग्रजीत त्याला कंट्रोल बार म्हणतात. या खेळावर लिहिणारे बहुतेक लोक पतंगाच्या आकाराबद्दल भरभरून लिहितात आणि दांड्याला चार ओळींत उरकतात. मला ते उलटं वाटतं. पतंगाने माणूस ओढणं ही गोष्ट फार जुनी आहे. ओढणाऱ्या पतंगापासून माणूस सुटणार कसा, याचं उत्तर मात्र दांड्यात शोधावं लागलं, आणि ते सापडायला वेळ लागला.

ओढण्याची गोष्ट खरंच जुनी आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. त्या काळी इंग्लंडात रस्त्याचा कर घोडे मोजून घेत. या गाडीला घोडाच नसल्याने नाकेदार बुचकळ्यात पडत, असं सांगतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की पोकॉकच्या पतंगाला चार दोऱ्या होत्या. त्या आखडून किंवा सैल सोडून पतंग डावी-उजवीकडे वळवता येई आणि वाऱ्याशी होणारा त्याचा कोनही बदलता येई. पुढे १९०३ मध्ये सॅम्युएल कोडी पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी पार करून गेला. पण गाडी आणि होडी जड असतात. पतंगाला थेट माणूसच बांधायचा म्हटल्यावर हिशेब बदलतो.

आजच्या खेळाची सुरुवात फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर झाली. ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ च्या नोव्हेंबरात एका पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पतंगाच्या कडेला हवा भरलेली नळी होती. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी तरंगे आणि पुन्हा उडवता येई. तेव्हा दिवस विंडसर्फिंगचे होते. या पतंगाला बाजार मिळायला १९९७ च्या सुमारापर्यंत वाट बघावी लागली. मधल्या काळात अमेरिकेत कोलंबिया नदीवर बिल रोझलर आणि त्यांचा मुलगा कोरी यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांचा पतंग पाण्यात पडल्यावर आपला आपण उठत नसे. म्हणून त्यांनी दांड्यावरच दोरी गुंडाळायचं रीळ आणि त्याला ब्रेक बसवला. पतंग पडला की दोरी गुंडाळायची, पतंग हाताशी आणायचा आणि पुन्हा सोडायचा. येवल्याच्या संक्रांतीत लोक मांजा गुंडाळायला बांबूची आसारी वापरतात. रोझलरांचा दांडा मला आसारीच्या नात्यातला वाटतो. पुढे उठणारा पतंग जिंकला आणि रीळ मागे पडलं.

सुरुवातीचा दांडा अगदी साधा होता. एक नळी आणि दोन टोकांना दोन दोऱ्या. डावं टोक ओढलं की पतंग डावीकडे, उजवं ओढलं की उजवीकडे. हातांना पेलेना म्हणून कमरेला पट्टा बांधत, पट्ट्याला आकडा असे, आणि दांड्याच्या मधोमध बांधलेला दोरीचा फास त्या आकड्यात अडकवत. वाऱ्याचा जोर कमी-जास्त करायची सोयच नव्हती.

इथे शाळेतलं एक गणित आठवावं लागतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. झुळूक दहाची वीस झाली तर पतंगाची ओढ दुप्पट न होता चौपट होते. त्यात पतंग स्वतः आकाशात वेगाने फिरत असेल तर त्याला लागणारा वारा आणखी वाढतो. अशा वेळी माणूस फळीसकट उचलला जाई आणि किनाऱ्यावरची भिंत, खडक, उभी गाडी, जे समोर येईल त्यावर आदळे. फास आकड्यात घट्ट बसलेला असे, आणि ओढ लागलेला फास आकड्यातून निघता निघत नाही. आप्पांच्या हातावरचे दोन वेढे असेच होते. ढिले असते तर सुटले असते.

यावर चार दोऱ्यांच्या दांड्याने उत्तर काढलं. ते समजायला आपला साधा कागदी पतंग पुरतो. पतंगाला वर-खाली दोन ठिकाणी भोकं पाडून आपण जो दोरा बांधतो त्याला कोणी कन्नी म्हणतं, कोणी मंगळसूत्र. त्याची वरची बाजू आखूड बांधली तर पतंग वाऱ्याला पाठ चोरून हलका उडतो. खालची आखूड केली तर छाती पुढे काढतो आणि हात ओढून नेतो. पण हे प्रमाण जमिनीवर ठरवायचं असतं. एकदा पतंग वर गेला की मंगळसूत्र बदलता येत नाही.

चार दोऱ्यांच्या दांड्यात उडत्या पतंगाचं मंगळसूत्र बदलता येतं. पतंगाच्या पुढच्या कडेच्या दोन दोऱ्या खाली येताना एक होतात, दांड्याच्या मधल्या भोकातून आरपार जातात आणि थेट कमरेच्या आकड्याला भिडतात. ओढीचा मोठा भाग कंबर घेते. मागच्या कडेच्या दोन दोऱ्या दांड्याच्या टोकांना असतात. दांडा स्वतःकडे घेतला की मागच्या दोऱ्या ताणतात आणि पतंग छाती काढतो. दांडा पुढे ढकलला की त्या सैलावतात, पतंग पाठ चोरतो आणि ओढ उतरते. संक्रांतीला गच्चीवरचं पोर ‘ढील दे, ढील दे’ म्हणून ओरडतं ना, तीच ढील, फक्त हातभर अंतरात. शिवाय माणूस घाबरून दांडा सोडून देतो तेव्हा तो आपोआप पुढे सरकतो आणि ढील मिळते. घाबरलेल्या माणसाकडून आपसूक जे होतं तेच योग्य ठरावं, अशी ही रचना आहे. मला या सगळ्या इतिहासात हीच सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

पण शहाणपण पुरं नव्हतं. आकड्यात जाणाऱ्या नव्या फासाला चिकन लूप म्हणतात. चिकन म्हणजे भित्रा. जोराच्या वाऱ्यात ढील घेणाऱ्यांना जुने गडी भित्रे म्हणून चिडवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगितलं जातं. (सायकलवर हेल्मेट घालणाऱ्या विद्यार्थ्याला आमच्या शाळेत काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.) फास आकड्यातून चुकून निसटू नये म्हणून त्याला एक प्लॅस्टिकची जीभही आली. म्हणजे आता दांडा सोडला तरी पतंग सुटत नव्हता. हातांचा ताण गेला आणि कंबर कायमची बांधली गेली. शिवाय त्या वेळचे वाकड्या कमानीसारखे पतंग दांडा पूर्ण पुढे ढकलला तरी सगळी ओढ सोडत नसत. २००५ मध्ये ब्रुनो लेगेन्यू यांच्याच नव्या रचनेचे, मागची कड आत वळलेले चपटे पतंग बाजारात आले, तेव्हा ओढ जवळजवळ शून्यावर आणता येऊ लागली.

तरीही दोऱ्या एकमेकींत गुंततात, एखादी तुटते, वावटळ येते. तेव्हा ढील पुरत नाही, सुटावंच लागतं. त्यासाठी फासालाच एक कळ बसवली गेली. सुरुवातीच्या कळी म्हणजे ओढून काढायच्या खिळ्या. त्यांची अडचण कुणालाही शेतकऱ्याला कळेल. जुवाच्या टोकाला शिवळ असते. ती उपसली की बैलाची मान मोकळी होते. बैल नीट उभा असेल तर शिवळ पोरालाही निघते. बैल चिखलात बसला आणि जू मानेवर दाबलं गेलं की तीच शिवळ गड्याला निघत नाही, मग जोतं विळ्याने कापावं लागतं. खिळीची कळ तशीच. गरज नसताना अलगद निघे, गरज असताना रुतून बसे. शिवाय कुणाची कळ स्वतःकडे ओढायची तर कुणाची पुढे ढकलायची. मित्राचा दांडा उसना घेतलेला माणूस संकटात आधी आठवत बसे.

हळूहळू ‘पुढे ढकल’ हीच रीत रूढ झाली. फासावरची जाड मूठ स्वतःपासून दूर ढकलली की फास उघडतो. ढील देण्याची दिशा आणि सुटण्याची दिशा एकच झाली, हात नव्याने काही शिकत नाही. फ्रान्सने या कळीसाठी आपलं मानक आधी केलं. २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. ते पतंगाबद्दल बोलत नाही. सुटण्याची यंत्रणा सुरक्षित असण्यासाठी काय हवं आणि ते तपासायचं कसं, एवढंच सांगतं. चारच वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. मार्सेच्या समुद्रात ब्रिटनची एली ऑल्ड्रिज आणि ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटस यांना पहिली सुवर्णपदकं मिळाली.

कळ दाबल्यावर पतंग लगेच उडून जात नाही, हेही सांगायला हवं. मोकळा सुटलेला पतंग किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुणाला तरी धडकेल. म्हणून आजच्या दांड्यात कळ दाबली की दांडा पुढच्या एका दोरीवरून दूर सरकत जातो. सगळा भार त्या एकाच दोरीवर येतो, पतंग झेंड्यासारखा फडफडतो आणि पाण्यावर पडतो. ती दोरी एका आखूड पट्ट्याने अजून कमरेला असते. त्या पट्ट्याला दुसरी कळ असते. ती दाबली की मात्र काहीच उरत नाही. बाकी दांडा बारीकसारीक शहाणपणाने भरलेला आहे. डावं टोक लाल असतं, म्हणजे घाईत तो उलटा धरला जात नाही. फासाशी एक फिरकी असते, म्हणजे माणसाने हवेत गिरकी घेतल्यावर दोऱ्यांना पडलेला पीळ उलगडतो.

हे वाचत असताना मला आपल्या मांज्याची आठवण येत राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतातच. सुती दोरा पक्ष्याच्या पंखात किंवा माणसाच्या मानेत अडकला की जोराने तुटायचा. त्याचं कच्चेपण हीच त्याची सुटण्याची कळ होती. नायलॉनने ती काढून टाकली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. काइटसर्फिंगची दोरी नायलॉनपेक्षा मजबूत असते, ताणाखाली बोट कापू शकते. पण तिच्या खालच्या टोकाला दोन-दोन कळी बसवलेल्या आहेत.

यंदा फेब्रुवारीत मी मोरजीला गेले. दुपारपर्यंत जमीन तापते, वरची हवा उठते आणि समुद्राकडून वारा सुरू होतो. तो सुरू झाला की किनाऱ्यावर पतंग उभे राहू लागतात. मुलीने मला पाण्यात नेलं नाही. तिने पुढच्या दोऱ्या सुरूच्या झाडाला बांधल्या, पट्टा माझ्या कमरेला आवळला, फास आकड्यात घातला आणि म्हणाली, ‘आई, मागे झुक. सगळं वजन टाक.’

मी झुकले. दोऱ्या तारेसारख्या ताणल्या. कंबर खेचली गेली आणि नकळत माझ्या दोन्ही मुठी दांड्यावर आवळल्या.

‘आता सोड.’

दांडा सोडायला मला एक क्षण जास्तच लागला. मग उजवा हात फासावरच्या मुठीवर नेला आणि ती पुढे ढकलली. टक् असा आवाज झाला आणि मी वाळूत पाठीवर पडले. ती हसत होती. मी पडल्या पडल्या मूठ वर धरून फास कुठून उघडला ते बघत होते. मग उठून विचारलं, पुन्हा जोडायचं कसं?

तिला ते एका हाताने येतं. मला दोन्ही हात लागले, आणि तरी पहिल्या खेपेला मूठ बसलीच नाही, कारण आत वाळू गेली होती. ‘दरवेळी धुवायचं असतं,’ ती म्हणाली आणि बाटलीतलं गोडं पाणी त्यावर ओतलं. मी पाच वेळा सोडलं आणि पाच वेळा जोडलं. सहाव्या खेपेला तिनेच दांडा हातातून घेतला, कारण वारा चढत होता आणि तिला पाण्यात जायचं होतं.