फैलका बेटावरचा जिप्समचा क्रूस

कुवेत शहरापासून वीसेक किलोमीटरवर, आखातात फैलका नावाचं बेट आहे. कांस्ययुगातल्या दिलमुन संस्कृतीची वस्ती इथे सापडली. पुढे ग्रीक आले, त्यांनी मंदिर बांधलं आणि बेटाला इकारोस म्हणू लागले. हे सारं किनाऱ्यालगतचं. बेटाच्या पोटात मात्र अल्-कुसूर नावाची एक जागा आहे. तिथे जमिनीतून जेमतेम वर आलेले भिंतींचे अवशेष दूरवर विखुरलेले होते. १९७० च्या दशकात इटलीच्या पुरातत्त्वज्ञांनी पाहणी केली, तेव्हा ही मध्ययुगीन इस्लामी वस्ती मानली गेली. अरबस्तानच्या दारात दुसरं काय वाटणार? मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच पथकाने वस्तीच्या मध्यावर खणलं आणि मातीखालून चक्क चर्च निघालं!

आत तीन लांबट, समांतर दालनं. पूर्वेच्या टोकाला वेदीची खोली, तिच्या दोन्ही अंगांना एकेक खोली. पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करायची, म्हणून साऱ्या इमारतीचा रोख उगवतीकडे. त्या पडक्या भिंतींजवळ हाती लागले गिलाव्यात कोरलेले क्रूस, भोवती कमान आणि फुलापानांची नक्षी. क्रूसावर येशूची आकृती नाही. पूर्वेकडच्या सीरियाक ख्रिस्ती परंपरेचा क्रूस असा रिकामाच असतो.

हा गिलावा जिप्समचा आहे. जिप्सम सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती ते शोषून घेते आणि काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. गणपतीच्या मूर्तींमुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेलं पीओपी ते हेच. चुनखडी भाजायला मात्र नऊशे अंशांच्या आसपास धग लागते. सरपणाची वानवा असलेल्या बेटावर जिप्समच परवडणार, असं मला वाटतं. कोरणाऱ्याचा हात किती चपळ असेल! गिलावा पुरता आवळण्याआधी रेषा उमटायला हवी.

यापुढचं आश्चर्य काळाचं. हे चर्च आधी पाचव्या-सहाव्या शतकातलं मानलं गेलं. नंतर खापरांचा बारकाईने अभ्यास झाला आणि तारीख पुढे सरकली. वस्ती भरात होती ती सातव्या शतकाच्या मध्यानंतर, पुढे नवव्या शतकापर्यंत. प्रेषित मुहम्मदांचं निधन ६३२ मधलं. म्हणजे आखातात इस्लाम रुजल्यानंतरही इथे चर्चचे विधी चालू होते. २०११ पासून कुवेती-फ्रेंच पथकाने इथे नव्याने काम सुरू केलं. दुसरं चर्चही उजेडात आलं. हा मठ असावा, असं त्यांचं मत आहे. आखातातला असा हा एकटा नव्हे. अबूधाबीजवळच्या सर बनी यास बेटावर १९९२ मध्ये मठ सापडला, आणि तिथेही गिलाव्यातले क्रूस आहेत.

हे लोक रोमच्या पोपचे नव्हते. त्यांचा धर्मप्रमुख बगदादच्या दक्षिणेला, तैग्रिसकाठच्या सेल्यूकिया-टेसिफोनला असे. सातव्या शतकातला तिसरा इशोयाब हा धर्मप्रमुख आखातातल्या बिशपांना खरमरीत पत्रं धाडायचा आणि त्या पत्रव्यवहारात भारताचाही उल्लेख येतो. त्याच्या शंभरेक वर्षं आधी कॉस्मस इंडिकोप्लुस्टस या लेखकाने लिहून ठेवलं की भारतातल्या ‘कल्लियाना’ बंदरात इराणहून नेमलेला बिशप आहे. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. उल्हासच्या खाडीकाठची मंडळी आणि आखातातले मठवासी एकाच धर्मपीठाकडे पाहत होते, हे वाचल्यापासून कल्याण स्टेशनातून जाताना मला त्या बंदराची आठवण येतेच.

फैलकावर आज फारशी वस्ती नाही. १९९० च्या इराकी आक्रमणात बेटवासीयांना घरं सोडावी लागली. कुवेत शहरातल्या होली फॅमिली चर्चमध्ये मात्र गोव्याच्या लोकांसाठी कोकणीत मिस्सा होते. केरळच्या सीरो-मलबार ख्रिस्ती कुटुंबांची उपासनाही कुवेतमध्ये चालते. त्यांची उपासनापद्धत पूर्व सीरियाक आहे. अल्-कुसूरच्या वेदीपुढे हीच परंपरा चालत होती.