कॅसेटची दुसरी बाजू

मागल्या भीमजयंतीच्या आधी आमच्या वस्तीत कबाडीवाल्याच्या हातगाडीवर कॅसेटांचा एक खोका दिसला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, नागोराव पाटणकर! कुणीतरी घर पाडून बांधायला काढले होते, त्यातली ही अडगळ. ऐंशी रुपये देऊन आम्ही खोका घरी आणला. "वाजवणार कशावर?" हा घरातला प्रश्न रास्तच होता. शेवटी युनियनमधल्या एका मित्राचा जुना टेपरेकॉर्डर पट्टा बदलून चालू केला.

एका कॅसेटवर एका बाजूला प्रल्हाद शिंदे. उलटून पाहिली तर वरच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली. जुन्या मंडळींना ठाऊक आहे, विकतच्या कॅसेटवर आपले काही भरायचे तर ही खाच बुजवावी लागे. लावली. भोंग्याची घरघर, पोराचे रडणे, ढोलकी, आणि मग एका बाईंचा असा खडा आवाज, की आमचा चहा थंड झाला. निवेदकाने नाव सांगितले, पण नेमका तेव्हाच माईक किंचाळला.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या चर्चमधील गॉस्पेल गाण्यांचेही असेच झाले होते. छोट्या कंपन्यांच्या तबकड्या नाहीशा होत चालल्या, म्हणून रॉबर्ट डार्डेन या प्राध्यापकांनी २००५ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यातून टेक्सासच्या बेलर विद्यापीठात या तबकड्या जपण्याचे काम उभे राहिले. लोकांकडून तबकडी घ्यायची, संगणकावर उतरवायची, हवी असल्यास परत द्यायची. त्यात डार्डेन यांना आढळले, की ज्या मागच्या बाजूकडे फारसे कुणी लक्ष देत नसे, तिथे नागरी हक्कांच्या लढ्याची गाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होती.

आपल्याकडे वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ साली, एकाच वर्षी गेले. उमप २०१० च्या नोव्हेंबरात आपल्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले. त्यांची गाणी निदान बाजारात आली. महिला मंडळांत, जयंतीच्या मंडपात गाणाऱ्यांचे आवाज मात्र असल्याच घरगुती कॅसेटांत आहेत, आणि त्या किलोने जात आहेत.

आपल्या माळ्यावर असतील तर आधी उजेडात पाहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, फीत तुटते आणि यंत्रही खराब होते. ढिली असेल तर पेन्सिलीने गुंडाळा. वाजली की मोबाईलमध्ये भरून घ्या, आणि कोण, कुठे, कधी हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लगेच लिहा. ही लिहिण्याची गोष्ट आम्ही कारकून म्हणून सांगत नाही. नावावाचून आमचेच अडले आहे.

ती कॅसेट आम्ही रविवारी विहारात वाजवली. एका आजींनी पेटीवाल्याला लगेच ओळखले. "आणि गाणारी?" आम्ही विचारले. आजींनी डोळे मिटून पुन्हा ऐकले. "सिरसपेठेकडची होती बाप्पा. थांब, तिच्या बहिणीले विचारतो."