भिंगाच्या खोडी आणि चित्रांचा मिलाफ

छायाचित्र म्हणजे साक्षीदार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कॅमेऱ्यासमोर जे होते तेच कागदावर उतरले, असे मानूनच लग्नसमारंभापासून पारपत्रापर्यंत सर्वत्र त्याला मान मिळतो. परंतु कॅमेरा हाती येऊन वर्ष-सहा महिने लोटले की, हौशी माणसाचे मन हुबेहूब नकलेत फार काळ रमत नाही. वस्तू पाहताना मनात जे उमटले तेही चित्रात यावे, अशी ओढ त्याला लागते. या ओढीतून दोन वाटा फुटतात. एक भिंगाच्या प्रयोगांची आणि दुसरी अनेक चित्रे एकमेकांत मिसळण्याची. दोन्ही वाटा रम्य आहेत. दुसरीवर मात्र थोडे सांभाळून चालावे लागते.

प्रथम भिंगाचा विचार करू. चांगले भिंग म्हणजे ज्याचे दोष झाकले आहेत असे भिंग. एकेरी बहिर्गोल काचेतून जाणारे सर्व किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत. काचेच्या कडेने जाणारे किरण मध्यातून जाणाऱ्या किरणांच्या किंचित अलीकडे एकत्र येतात. त्यामुळे रेखीव आकृतीभोवती एक धूसर प्रभा पसरते. कारखान्यात अनेक काचा जोडून हा दोष घालविला जातो. प्रयोगशील हौशी मनुष्य तोच दोष मुद्दाम परत बोलावतो. वडोदऱ्यात तयार होत असलेला अॅग्फा क्लिक-३ ज्यांनी एके काळी वापरला, त्यांना साध्या भिंगाच्या चित्रातील ही मृदुता परिचित असेल.

दोषातून शोभा कशी निर्माण होते, याचे उत्तम उदाहरण पेट्झवाल यांच्या भिंगाचे आहे. योझेफ पेट्झवाल या गणितज्ञांनी १८४० साली व्हिएन्नात हे भिंग आखले. त्यापूर्वीच्या भिंगांपेक्षा ते कितीतरी अधिक प्रकाश आत घेई. त्यामुळे चित्रासाठी बसणाऱ्या माणसाची दीर्घकाळ निश्चल राहण्याच्या शिक्षेतून बरीच सुटका झाली. मात्र या भिंगाने मध्यभाग रेखीव येई आणि कडेची पाने-फुले भोवऱ्यात सापडल्यासारखी फिरलेली दिसत. एकविसाव्या शतकात ही रचना पुन्हा बाजारात आली, ती नेमकी या भोवऱ्याच्या हौसेखातर!

अशा प्रयोगांसाठी महागडी सामग्री लागतेच असे नाही. वाचनाचे साधे भिंग कॅमेऱ्यापुढे धरले तर मुंगी, फुलातील केसर, नाण्यावरील अक्षरे जवळ येतात आणि कडा आपोआप विरघळतात. भिंगावर पातळ मोजा ताणून बसविला तर दिव्यांभोवती तेजोवलये उमटतात. व्हॅसलिनचा पुसट हात फिरवूनही असाच परिणाम साधतो; मात्र तो भिंगावर कधीही फिरवू नये. पुढे बसविलेल्या साध्या काचेवर, मध्यभाग स्वच्छ ठेवून, फिरवावा.

याहून विलक्षण म्हणजे भिंगच काढून टाकणे. ज्या कॅमेऱ्याचे भिंग निघते त्याच्या तोंडावरील झाकणाला मोठे भोक पाडावे आणि त्यावर पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवावा. या पत्र्याला सुईने सूक्ष्म छिद्र करावे. छिद्रापासून चित्रफलक ५० मिलिमीटरवर असेल, तर छिद्राचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटर असावा. छिद्र याहून मोठे झाले तर चित्र पसरट येते आणि फार लहान झाले तर प्रकाशकिरण छिद्राच्या कडेशी वाकून पुन्हा धूसरताच वाढते. १०० संवेदनशीलतेला लख्ख उन्हातही सुमारे एक सेकंद प्रकाश द्यावा लागतो, म्हणून कॅमेरा तिपाईवर हवा. या चित्रात जवळचे व दूरचे सारखेच मृदू येते. चालती माणसे विरून जातात आणि घरे, झाडे, दगड तेवढे उरतात.

अस्पष्टता हा दोष की गुण, हा वाद जुनाच आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या हाती १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पहिला कॅमेरा आला. त्यांनी काढलेली मृदू मुखचित्रे पाहून त्या काळच्या अनेक जाणकारांनी नाके मुरडली; बाईंना भिंग नीट जुळविता येत नाही, असा आक्षेप घेतला. आज त्याच चित्रांची गणना त्या शतकातील श्रेष्ठ व्यक्तिचित्रांत होते. अस्पष्टतेमागे हेतू होता, म्हणून ती टिकली.

आता दुसरी वाट. चित्रे एकमेकांत मिसळण्याची कला प्रथम चैन म्हणून नव्हे, तर गरज म्हणून पुढे आली. जुन्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. समुद्र नीट यावा एवढा प्रकाश दिला की आकाश कोरे, पांढरे येई. आकाश सांभाळावे तर समुद्र काळवंडे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्यावरून घेऊन ते एकाच कागदावर छापू लागले. १८५७ साली ऑस्कर रेलांडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे भव्य चित्र सिद्ध केले. पुढील वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मृत्युशय्येवरील मुलीचे दृश्य रचले, तेव्हा अनेक प्रेक्षक दुखावले गेले. रंगाच्या चित्रात जे चालले असते, ते छायाचित्रात त्यांना सोसवेना. छायाचित्र खरेच असते, या विश्वासाला तो धक्का होता.

मिश्रणाचे मर्म एका वाक्यात सांगता येते: प्रकाशात प्रकाश मिळविता येतो, वजा करता येत नाही. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेतले, तर पहिल्याचा जो भाग पांढराशुभ्र झाला तेथे दुसऱ्याला जागा उरत नाही. जो भाग काळा राहिला तेथेच दुसरे चित्र उमटते. म्हणून प्रथम उजळ आकाशासमोर उभ्या माणसाची काळी आकृती घ्यावी आणि मग त्यावर झाडाची पालवी घ्यावी. पालवी नेमकी मुखाच्या आकारात भरून येते. दोन्ही चित्रे सर्वत्र एकमेकांवर पडणार असतील, तर प्रत्येकाला निम्माच प्रकाश द्यावा. १/१२५ सेकंदाच्या जागी १/२५०. पार्श्वभूमी अगदी काळी असेल आणि आकृती एकमेकींवर येत नसतील, तर ही काटकसर नको.

आज हेच काम संगणकावर किंवा खिशातील फोनवर होते. तेथे चित्रांचे थर एकावर एक रचतात. ‘स्क्रीन’ नावाची पद्धत वरीलप्रमाणे प्रकाशात प्रकाश मिळविते. ‘मल्टिप्लाय’ ही पद्धत याच्या उलट आहे. दोन पारदर्शिका एकीवर एक ठेवून खिडकीसमोर धराव्यात, तसे चित्र तीत गडद होत जाते. कोणतीही पद्धत घेतली तरी तीन गोष्टी आधी तपासाव्यात. दोन्ही चित्रांत प्रकाश एकाच बाजूने येतो काय? आकारांचे प्रमाण जुळते काय? आणि या दोन वस्तूंना एकत्र आणण्याचे काही कारण आहे काय? आजीच्या हातावरील सुरकुत्या आणि जुन्या वडाची साल यांचा मिलाफ पाहणाऱ्याला काही सांगून जातो. केवळ जमते म्हणून जोडलेली दोन सुंदर चित्रे एकमेकांचा नाश करतात.

याच कलेची काळी बाजूही आहे. अमेरिकेत विल्यम ममलर नावाचा छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या चित्रात त्याच्या मृत आप्ताची धूसर आकृती दाखवून पैसे घेई. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. पुराव्याअभावी तो सुटला. पुढे लिंकन यांच्या विधवा पत्नीचेही असे चित्र त्याने काढले, तीत पतीची छाया मागे उभी आहे. रेलांडर यांनी जे कौशल्य उघडपणे मिरविले, तशाच कौशल्याने येथे शोकाकुल माणसांच्या दुःखावर धंदा चालला. २००३ साली इराक युद्धातील दोन छायाचित्रे जोडून एक केल्याबद्दल ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने आपल्या छायाचित्रकाराला कामावरून दूर केले. दृश्य अधिक प्रभावी झाले होते, पण तसा क्षण घडलाच नव्हता.

आता तर रात्रीचे चित्र घेताना फोन स्वतःच अनेक चित्रे टिपून एक करतो आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. अशा काळात हौशी छायाचित्रकाराने स्वतःला एक सोपी शिस्त लावून घ्यावी. मिसळलेल्या चित्राखाली ‘संमिश्र चित्र’ एवढे दोन शब्द लिहावेत, मूळ चित्रे जपून ठेवावीत आणि ज्या चित्राला कोणी पुरावा किंवा बातमी समजेल त्याला हात लावू नये. एवढे पथ्य पाळले की, मोजा, सुईचे छिद्र आणि पालवीने भरलेला चेहरा यांच्याशी मनमुराद खेळावयास कोणाचीच हरकत नाही.